छोट्या ट्रॉलीचा टायर हौद्याला घासतो: कारण कसं शोधायचं, उंची कशी वाढवायची

मिनी ट्रॅक्टरमागची एक-दीड टनाची दोनचाकी ट्रॉली रिकामी असते तेव्हा कुठेच लागत नाही. सोयाबीन भरून मोंढ्याकडे निघाली की पहिल्याच खड्ड्यात घर्र आवाज येतो, रबर जळाल्याचा वास येतो आणि टायरच्या खांद्यावर गोल चरे दिसतात. मडगार्ड ठोकून वर केलं की थोडे दिवस बरं चालतं. पुढच्या हंगामात पुन्हा तेच. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: टायर का घासतो हे न बघता जागा तेवढी केलेली असते.

आधी दोन उंच्या वेगळ्या समजून घ्या, कारण निम्मा खर्च या घोटाळ्यात वाया जातो. जमिनीपासून ॲक्सलपर्यंतची उंची ही एक. टायरच्या माथ्यापासून हौद्याच्या तळापर्यंतचं अंतर ही दुसरी. मोठा टायर घातला की पहिली वाढते आणि दुसरी कमी होते. ६.००-१६ चा टायर काढून ७.५०-१६ घातला तर व्यास साधारण ७० मिमीने वाढतो. ट्रॉली ३५ मिमी उचलली जाते, पण टायरचा माथाही हौद्याच्या ३५ मिमी जवळ जातो. वर चिखलाच्या वाटेसाठी मोठा टायर घातलेला असतो, आणि तोच टायर त्याच वाटेवर घासायला लागतो. घासणं थांबवायचं असेल तर ॲक्सल आणि हौदा यांच्यातलं अंतर वाढवावं लागतं. टायर बदलून ते होत नाही.

खुणा कुठे आहेत ते पाहा

ट्रॉली धुवा, चाकाभोवतीचा सगळा चिखल खरवडून काढा आणि हौद्याच्या तळाला, मडगार्डच्या आतून आणि चॅसीच्या बाजूला चमकलेला पत्रा शोधा. खूण जिथे आहे तिथेच कारण सापडतं.

दोन्ही चाकांच्या बरोबर वर खूण असेल तर भार जास्त होतोय, पाटे (भार झेलणाऱ्या वाकदार पोलादी पट्ट्यांची चळत) बसलेत किंवा टायर मोठा आहे.

एकाच चाकाच्या वर खूण असेल तर त्या बाजूचा पाटा तुटलाय का ते पाहा. तुटलेला पाटा चळतीत दबून राहतो, वरवर दिसत नाही. प्रत्येक पाट्याच्या कडेवरून नख किंवा पातळ पत्रा फिरवला की चीर लागते, विशेषतः चळतीच्या मधोमध आरपार जाणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकाजवळ. पाटे शाबूत असतील तर शॅकलचा (पाट्याचं मागचं टोक चॅसीला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्यांचा) बुश आणि पिन झिजलेत का बघा. उन्हाळ्यात पाणी वाहणाऱ्या ट्रॉलीत आणखी एक कारण असतं: अर्धी भरलेली टाकी. १,००० लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन, आणि अर्धी असली की वळणावर आतलं सगळं पाणी एका बाजूला धावतं. ही अडचण उंची वाढवून आणखी बिघडते. टाकी पूर्ण भरून न्यावी, नाहीतर आत पडदे असलेली टाकी घ्यावी.

मडगार्डच्या पुढच्या किंवा मागच्या कडेला खूण असेल तर ॲक्सल जागेवरून सरकलाय. सेंटर बोल्ट कापला गेला असणार, आणि तो कापला जातो तो यू-बोल्ट सैल पडल्यामुळे. पाटे आणि ॲक्सल एकमेकांना घट्ट धरून ठेवण्याचं काम यू-बोल्टचं आहे. सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो. यू-बोल्ट ढिले झाले की सगळा धक्का त्या १०-१२ मिमीच्या बोल्टवर येतो. नुसता सेंटर बोल्ट नवा घातला तर तोही काही दिवसांत कापला जातो.

टायरच्या आतल्या बाजूला, चॅसीकडे खूण असेल तर उंचीचा संबंधच नाही. चाक जॅकवर उचला, वर आणि खाली दोन्ही हातांनी धरून हलवा. खडखड लागली तर बेअरिंग सैल आहे. चाक फिरवत नट घट्ट करा, मग साधारण आठवा भाग फेरा मागे सोडा आणि नवी स्प्लिट पिन घाला. बेअरिंग ठीक असेल तर ॲक्सल वाकलाय का ते मोजा. भरलेल्या ट्रॉलीत दोन्ही टायरमधलं अंतर वरून आणि खालून टेपने मोजा. वरचं अंतर खालच्यापेक्षा स्पष्ट कमी आलं, म्हणजे चाकं वरून आत झुकली असतील, तर ॲक्सल मधे खाली वाकलाय. वाकलेला ॲक्सल गॅसने तापवून सरळ करून घेण्याची पद्धत सगळीकडे आहे, पण तापवलेली जागा मऊ होते आणि पुढच्या भाराला तिथेच पुन्हा वाकते. ॲक्सल बदला. टायरमध्ये हवा कमी असली तरी बाजू फुगून चॅसीला लागते, म्हणून मोजमापाआधी टायरच्या बाजूवर छापलेला दाब पाहून हवा भरा.

भाराबद्दल थोडं थांबून बघायला हवं. सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि दीड फूट उंच हौदा म्हणजे ३६ घनफूट, जवळपास एक घनमीटर. त्यात सपाट भरलेलं सोयाबीन सव्वासातशे किलोच्या आसपास भरतं. तोच हौदा तलावातल्या ओल्या गाळाने भरला तर वजन पावणेदोन टनांवर जातं. उन्हाळ्यात गाळ वाहणाऱ्या ट्रॉल्यांचे पाटे पावसाळ्यापर्यंत सपाट होतात ते यामुळे. पोलाद क्षमतेच्या पलीकडे ताणलं गेलं की परत पूर्ण वर येत नाही. पाटे बसलेत का हे पाहायला रिकाम्या ट्रॉलीत पाट्याच्या दोन्ही डोळ्यांमधून सुतळी ताणा आणि मधोमध मेन पाट्यापर्यंतची खोली मोजा. डाव्या-उजव्यात १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर दोन्ही बाजूंची चळत एकदमच बदला. एकच बदलली तर ट्रॉली कायमची तिरकी चालते. गाळ वाहायचाच असेल तर हौद्याच्या आतून निम्म्या उंचीवर रंगाची रेघ मारून घ्या, गाळ त्या रेघेपर्यंतच.

काळ्या मातीचा प्रश्न वेगळा

मृगाच्या पहिल्या पावसानंतर पाणंदीतून ट्रॉली काढली की काळी माती टायरला थरावर थर चिकटते. टायर आणि मडगार्ड यांच्यात ती ठासून भरते आणि चाक फिरायचं थांबून फरफटत जातं. इथे हौद्याचं अंतर पुरेसं असलं तरी मडगार्ड घोटाळा करतं. माती वाहणाऱ्या ट्रॉलीचं मडगार्ड टायरला समांतर गोल नसावं. पुढे अंतर कमी आणि मागे जास्त असं ठेवलं तर चाकाबरोबर वर आलेली माती पुढे सरकताना अडकते. पुढची कड, म्हणजे माती बाहेर पडते ती बाजू, नेहमी जास्त मोकळी हवी. मडगार्ड बोल्टवर बसवून घेतलं तर पावसाळ्यात शेतापुरतं काढून ठेवता येतं. रस्त्यावर जाताना मात्र परत लावा, मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर चिखल आणि खडे उडतात.

अंतर किती हवं

पूर्ण भरलेली ट्रॉली सपाट जागी उभी असताना, पाटे असलेल्या ट्रॉलीत टायरच्या माथ्यापासून सगळ्यात जवळच्या लोखंडापर्यंत किमान ७५ मिमी, म्हणजे तीन इंच. काळ्या रानात चालवायची असेल तर १०० ते १२५ मिमी ठेवा. पाटे नसलेल्या, थेट चॅसीला ॲक्सल बांधलेल्या ट्रॉलीत ६० मिमी कोरड्या रस्त्याला पुरतं, चिखलात तिथेही १०० हवेत. बाजूचं अंतर २५ मिमीच्या खाली नको. सगळ्यात जवळचं लोखंड म्हणजे पत्रा नव्हे, हे लक्षात ठेवा. तळाच्या फळीचे बोल्ट खाली लोंबत असतात आणि टायर फाडतात ते तेच. त्यांची डोकी खाली आणि नट वर असे उलटे लावून घेतले तरी पाऊण इंच मोकळा होतो.

प्रत्यक्ष चालताना अंतर किती उरतं हे कळायला मळलेल्या मातीचा तीन-चार इंचांचा गोळा हौद्याच्या तळाला, टायरच्या बरोबर वर दाबून चिकटवा. नेहमीचा भार भरा आणि नेहमीच्या वाटेने, नेहमीच्या वेगाने एक फेरी मारा. गोळा दाबून जेवढा जाड उरला तेवढंच अंतर खरं. दोन्ही बाजूंना लावा, कारण एक चाक खड्ड्यात गेल्यावर दुसऱ्या बाजूला वेगळं माप येतं. ही एक फेरी केल्याशिवाय किती इंच उचलायचं हे ठरवू नका.

उंची वाढवायच्या पद्धती

आधी खाली वाकून बघा: ॲक्सल पाट्यांच्या वर आहे की खाली? पुढचं सगळं यावर ठरतं.

ॲक्सल पाट्यांच्या खाली असेल तर दोघांच्या मधे लोखंडी ठोकळा घालून उंची मिळते. ५० मिमीपर्यंत, एका बाजूला एकच ठोकळा, भरीव लोखंडाचा, पाट्याच्या रुंदीचा. त्याला वर भोक आणि खाली गुटी हवी, म्हणजे सेंटर बोल्टचं डोकं भोकात आणि गुटी ॲक्सलच्या सीटमध्ये (पाटे टेकतात त्या जागेत) बसते. पट्ट्यांवर पट्ट्या रचून केलेला ठोकळा सरकतो. लाकडाचा ठोकळा दबतो, दबला की यू-बोल्ट ढिले होतात आणि गोष्ट पुन्हा कापलेल्या सेंटर बोल्टवर येते.

ॲक्सल पाट्यांच्या वर असेल तर हा ठोकळा मुळीच घालू नका. तिथे ठोकळा ॲक्सलला आणखी वर ढकलतो, म्हणजे ट्रॉली उंच होण्याऐवजी खाली बसते. अशा ट्रॉलीला दोन मार्ग आहेत: ॲक्सल पाट्यांच्या खाली आणणं, किंवा पाट्यांचे हँगर (पाट्यांची टोकं धरणारे चॅसीखालचे आधार) खाली उतरवणं.

लांब शॅकल लावून काम भागवायचा सल्ला बरेच जण देतात. शॅकल ५० मिमी लांब केला तर उंची फक्त २५ मिमी वाढते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. बदल्यात ट्रॉली आडवी डुलायला लागते आणि शॅकलच्या पट्ट्या वाकतात. हा मार्ग सोडून द्या. एक पाटा जादा घातल्याने थोडी उंची मिळते, पण रिकामी ट्रॉली इतकी उडते की फाळके आणि बिजागऱ्या खिळखिळ्या होतात. सतत जड माल असेल तरच ते करावं.

हँगर उतरवताना चॅसी आणि हँगर यांच्यात चौकोनी पाइप वेल्ड करतात. १०० × ५० × ५ मिमीचा पाइप आडवा ठेवला तर ५० आणि उभा ठेवला तर १०० मिमी उंची मिळते. चार हँगरच्या वर चार तुकडे नकोत. दोन्ही बाजूंना एकेक अखंड पाइप, हँगरच्या पुढे-मागे दीडशे मिमी जास्त, टोकं तिरकी कापलेली. दोन्ही पाइपांना जोडणारा एक आडवा पाइप हवाच, नाहीतर वळणावर हँगर आतबाहेर झुकतात. पाइपची टोकं बंद करा आणि खाली एक छोटं भोक ठेवा, आत पाणी साचलं की दोन पावसाळ्यांत पाइप सडतो. पाटे नसलेल्या ट्रॉलीला हाच मार्ग लागू आहे.

ॲक्सल पाट्यांच्या खाली आणणं

उंची किती मिळेल हे आधी कागदावर काढा: ॲक्सलची जाडी, अधिक पाट्यांच्या चळतीची जाडी, अधिक नव्या सीट प्लेटची जाडी, आणि जुनी सीट असेल तर तिचीही जाडी मिळवा. ६० मिमीचा चौकोनी ॲक्सल, ८ मिमीचे सात पाटे म्हणजे ५६, आणि १० मिमीची सीट धरली तर १२६ मिमी, जवळपास पाच इंच. मातीच्या गोळ्याने दोन इंचच कमी दाखवले असतील तर हे काम करू नका, हँगरच्या वर ५० मिमीचा पाइप पुरेल. गरजेपेक्षा जास्त उंची म्हणजे उलटण्याचा धोका विकत घेणं.

वरच्या मापांच्या ट्रॉलीला लागणारं सामान असं: १६ मिमीचे चौकोनी वाकाचे नवे यू-बोल्ट चार, आतून रुंदी ६२ आणि आतून लांबी १८० मिमी; त्यांना आठ नट, आठ लॉकनट, आठ जाड कडक वॉशर; ६० × १०० × १० मिमीच्या सीट प्लेट दोन; पाट्यांवर येणाऱ्या १२ मिमी जाडीच्या, चार भोकांच्या प्लेट दोन; नवे सेंटर बोल्ट दोन; शॅकलचे बुश आणि पिनांचा पूर्ण संच; रबरी बंप स्टॉप (धक्क्यात ॲक्सलला अडवणारे ठोकळे) दोन. ॲक्सल गोल असेल तर यू-बोल्ट गोल वाकाचा घ्या. चौकोनी वाकाचा यू-बोल्ट गोल ॲक्सलवर फक्त दोन-तीन जागी टेकतो आणि सैल पडत राहतो.

यू-बोल्ट ८.८ ग्रेडचेच घ्या, तयार मिळतात. जालन्याची सळई जवळच मिळते म्हणून सळई वाकवून, आटे पाडून यू-बोल्ट करून घेऊ नका. टीएमटी सळईची ताकद तिच्या कडक बाहेरच्या थरात असते. आटे पाडताना नेमका तोच थर कापला जातो, आणि वाकवायला तापवली की उरलेला मऊ होतो. जुने यू-बोल्टही परत वापरू नका. एकदा ताणले गेलेले आटे पुन्हा तसे धरत नाहीत.

काम फरशीवर किंवा दाबलेल्या मुरमावर करा. काळ्या जमिनीवर जॅक रुततो. ट्रॉली रिकामी करा, चाकांचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, आणि सगळ्यात आधी एक माप लिहून ठेवा: ट्रॉलीच्या हुकाच्या (ट्रॅक्टरला जोडायच्या कड्याच्या) भोकाच्या केंद्रापासून ॲक्सलच्या डाव्या टोकापर्यंत आणि उजव्या टोकापर्यंत. मग चॅसी चार लोखंडी घोड्यांवर घ्या, हँगरच्या पुढे दोन, मागे दोन, आणि हुकाकडच्या दांड्याखाली आणखी एक टेकू. विटांवर किंवा नुसत्या जॅकवर ठेवलेल्या ट्रॉलीखाली कुणीही जाऊ नये. वीट भाराखाली सांगून फुटत नाही.

चाकं काढा. ॲक्सलखाली जॅकचा आधार द्या आणि यू-बोल्ट ग्राइंडरने कापा, ते परत लागणार नाहीत. गॅस कटर वापरू नका, ज्योत पाट्याला लागली तर त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि तो तिथेच तुटतो. ॲक्सल वरून खाली आणायला पाटे वाटेत असतात, म्हणून मागच्या शॅकलची पिन काढून पाट्याचं एक टोक खाली सोडा आणि ॲक्सल खालून घ्या. पिना निघाल्याच आहेत तर बुश याच वेळी बदलून टाका.

ॲक्सल खाली आणताना उलटा फिरवू नका. वरची बाजू वरच राहायला हवी. काही ॲक्सलना मधे थोडा वरच्या दिशेने बाक दिलेला असतो, भार आल्यावर तो सरळ होतो. असा ॲक्सल उलटा बसला की चाकं वरून आत झुकतात आणि टायर आतून झिजतात. काढण्याआधी ॲक्सलच्या वरच्या बाजूला रंगाने खूण करून ठेवा.

आता सेंटर बोल्ट, आणि हीच पायरी सगळ्यात जास्त चुकते. ॲक्सल वर होता तेव्हा बोल्टचं डोकं वर होतं, कारण तेच ॲक्सलच्या भोकात बसत होतं. आता ॲक्सल खाली आलाय, म्हणून डोकं खाली हवं. बोल्ट तसाच ठेवला तर खाली नट आणि उरलेले आटे येतात, ते सीटच्या भोकात नीट बसत नाहीत, पाटे सीटवर अधांतरी राहतात आणि पहिल्याच फेरीत ॲक्सल सरकतो. चळत सी-क्लॅम्पने किंवा बाकावरच्या शिकंज्यात पक्की दाबा, मगच जुना बोल्ट काढा, नाहीतर पाटे उसळून बोटं ठेचतात. नवा बोल्ट खालून घाला. सीट प्लेटचं भोक डोक्याच्या व्यासापेक्षा अर्धा ते एक मिमीच मोठं ठेवा. १२ मिमी बोल्टच्या डोक्याची उंची साडेसात मिमी असते, म्हणून १० मिमीच्या प्लेटमध्ये ते पूर्ण मावतं.

सीट प्लेट ॲक्सलच्या वरच्या बाजूला आधी फक्त टाके मारून बसवा. पाटे, ॲक्सल, यू-बोल्ट हलके लावा, पाट्यांची टोकं हँगरला जोडा आणि हुकापासूनची दोन्ही मापं पुन्हा घ्या. दोन्हींत एक सुतापेक्षा, म्हणजे तीन मिमीपेक्षा जास्त फरक नको. जास्त असेल तर ट्रॉली तिरकी ओढली जाते आणि टायर करवतासारखे झिजतात. मापं जुळली की सगळं परत सोडा आणि सीट पक्की वेल्ड करा.

वेल्ड ॲक्सलच्या लांबीला समांतरच घाला, सीटच्या पुढून एक आणि मागून एक, दोन्ही टोकांना १० मिमी सोडून. ॲक्सलला आडवी शिवण घालू नका, तडा त्या शिवणीच्या कडेपासून सुरू होतो. ॲक्सलच्या खालच्या बाजूला तर काहीच वेल्ड करू नका. चाकं टोकांना वर ढकलतात आणि पाटे आतून खाली दाबतात, त्यामुळे ॲक्सलची खालची बाजू ताणात असते आणि तिथली छोटी खाचही पुरते. ७०१८ ची कोरडी वेल्डिंग कांडी वापरा. दमट कांडीने वेल्ड वरून देखणा दिसतो आणि आतून तडकतो. अर्थिंगचा चिमटा ॲक्सलवर, वेल्डच्या शेजारी लावा. तो हबला किंवा चाकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि त्याच्या गोळ्यांवर डाग पडतात, मग महिनाभरात बेअरिंग आवाज करायला लागतं. पाटे जवळ असतील तर ओल्या गोणपाटाने झाका.

सगळं जोडल्यावर यू-बोल्टचे नट तिरपे आळीपाळीने, तीन फेऱ्यांत घट्ट करा. १६ मिमीला १८० न्यूटन-मीटर, १४ ला १२०, १२ ला ७५ पुरतात. टॉर्क पाना नसेल तर अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकावर साधारण ३६ किलोचा जोर म्हणजे १८० झाले. वजनकाटा लावून एकदा तेवढा जोर हाताला कळला की अंदाज बसतो. पान्याला चार फुटी पाइप लावून उडी मारली तर आटे ताणून जातात. नटाच्या बाहेर किमान तीन आटे दिसले पाहिजेत. शॅकलचे बोल्ट मात्र चाकं जमिनीवर टेकल्यावर आवळा. हवेत आवळले तर रबरी बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

राहिला बंप स्टॉप. ॲक्सल वर होता तेव्हा जोराचा धक्का बसल्यावर तो चॅसीला टेकून थांबत होता. आता ॲक्सल खूप खाली आहे आणि पाट्यांना दबायला भरपूर जागा आहे, म्हणजे उंची वाढवूनही मोठ्या खड्ड्यात टायर हौद्यापर्यंत पोहोचू शकतो. ॲक्सलच्या बरोबर वर चॅसीला रबरी ठोकळा असा लावा की तो टेकेल तेव्हाही टायर आणि हौदा यांच्यात २५ मिमी उरतील. ट्रकचे तयार बंप स्टॉप चालतात. यू-बोल्टच्या वर आलेल्या नटांना चॅसी लागत नाही ना, तेही याच वेळी पाहा.

हुकाची उंची

मागून ट्रॉली १०० मिमी उचलली आणि हुक तिथेच राहिला तर हौदा पुढे झुकतो. ॲक्सलपासून हुकापर्यंत २.४ मीटर असतील तर हा झुकाव सव्वादोन अंशांपेक्षा थोडा जास्त होतो. एवढ्याने भार फार पुढे येत नाही, पण हुकाचं कडं पिनमध्ये तिरकं बसतं, खड्ड्यात पिन अडकून वाकते, आणि हौद्यात पाणी पुढच्या कोपऱ्यात साचून पत्रा सडतो. दांड्याच्या खाली जाड प्लेट आणि दोन्ही बाजूंनी त्रिकोणी आधार लावून कडं तेवढंच खाली घ्या.

ट्रॅक्टरचा हुक वर उचलून हौदा सपाट करू नका. ओढ मागच्या ॲक्सलच्या वर गेली की चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात, आणि मिनी ट्रॅक्टर मागे उलटायला क्षण लागत नाही. ट्रॅक्टरचा हुक कंपनीने दिलेल्या जागीच राहू द्या.

उलटण्याचा हिशोब

चाकांच्या मधलं अंतर १,५०० मिमी आणि मालाचा मध्य जमिनीपासून १,२०० मिमी असेल तर ट्रॉली उभी असताना ३२ अंशांच्या उताराला उलटते. १०० मिमी उचलल्यावर तोच कोन ३० होतो. कडबा किंवा कापूस उंच भरला आणि मध्य १,८०० मिमीवर गेला तर साडेबावीस अंशच उरतात. हे सगळं उभ्या ट्रॉलीचं. वळणावर, किंवा एक चाक नालीत गेल्यावर त्याहून खूप कमी पुरतं. उंची चार इंचांवर वाढवत असाल तर त्याच वेळी लांब ॲक्सल घालून चाकं दोन्ही बाजूंना ५०-७५ मिमी बाहेर घ्या, त्याने आतल्या बाजूचं घासणंही सुटतं. पण चाकं हौद्याच्या बाहेर येत असतील तर वर नवं मडगार्ड लागेल.

नोंदणी झालेल्या ट्रॉलीच्या बाबतीत मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागू होतं. ट्रेलरही कायद्याने मोटार वाहनच आहे आणि नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. टायरचं माप, ॲक्सल किंवा लांबी-रुंदी बदलत असाल तर आधी आरटीओत विचारून घ्या, अपघातानंतर विमा कंपनी हेच कागद मागते.

उंची वाढवूनही घासत असेल तर

पहिल्या भरलेल्या फेरीनंतर, साधारण २०-२५ किमीवर, यू-बोल्ट पुन्हा आवळा. रंग, गंज आणि सीटचा खडबडीतपणा दबून ते या अंतरात हमखास थोडे सैल होतात. मग १०० किमीवर, आणि पुढे दर हंगामाच्या सुरुवातीला. नट आणि प्लेटवर मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवा, नट फिरला की रेघ तुटलेली दिसते आणि पाना न लावता कळतं.

एकाच बाजूला पुन्हा घासायला लागलं तर पाट्याची नव्हे, आधी हँगरची वेल्ड बघा. जुन्या पातळ चॅसीला नवी उंची मिळाली की आडवा ताण वाढतो आणि हँगरच्या वरचा पत्रा फाटतो. तिथे आतून पट्टी लावून चॅसी दुहेरी करावी लागते. मडगार्डच्या कडेला घासायला लागलं तर सेंटर बोल्टचं डोकं सीटच्या भोकात बसलंय का हे यू-बोल्ट सोडून पाहा. आणि सगळं जागेवर असूनही फक्त गाळाच्या फेऱ्यांना टायर लागत असेल, तर हौद्यातली ती रंगाची रेघ मातीखाली गेलेली असणार.